नुसतं 'इलस्ट्रेटर' लिहून भागणार नाही
ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये कॉमिक्समधल्या प्रत्येक चित्रकाराला सरसकट 'इलस्ट्रेटर' नोंदवावं, ही सूचना मला पटत नाही. आरडीए या कॅटलॉगिंगच्या नियमावलीत इलस्ट्रेटर म्हणजे मूळ मजकुराला चित्रांची जोड देणारा. २०११ सालचं 'भीमायन' हे डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यावरचं चित्ररूप पुस्तक उघडून बघा. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी चौकटी टाळून गोंड 'दिग्नां'नी, म्हणजे पारंपरिक नक्ष्यांनी, पानं विभागली आहेत. विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी, मायेच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार. इथे चित्रच गोष्ट सांगतं! म्हणून कॅटलॉग-नोंदीत सहभागी व्यक्तींची नावं देण्याच्या ७०० क्रमांकाच्या रकान्यात दोघांना 'आर्टिस्ट'च, म्हणजे कलाकृतीचे निर्माते, लिहावं. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद लेखक. पेन्सिल, शाई, रंग, अक्षरलेखन वेगवेगळ्या हातांचं असेल, तर २४५ या शीर्षकाच्या रकान्यातल्या 'सी' या कर्त्यांच्या नावांच्या भागात पुस्तकात छापलंय तसंच उतरवावं. अक्षरलेखकाचं नाव तर हमखास गळतं. ते कृपया गाळू नका.