मदत हवी आहे : बारीक चॅनेलमध्ये दोन द्रव मिसळतच नाहीत

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्प अडलाय आणि आमच्या विभागात या विषयातलं कोणी नाही, म्हणून इथे विचारते.

पाण्यातलं फ्लोराइड मोजणारी छोटी चिप, म्हणजे आत केसासारखे बारीक चॅनेल असलेली पट्टी, करायची आहे. मामाचं गाव पांढरकवड्याकडे. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त, मामेभावाच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे आहेत, ते आता कायमचेच. मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅम ही मर्यादा, दुसरं पाणीच नसेल तर १.५. कुठल्या बोअरचं पाणी प्यावं, हे गावातल्या गावात कळावं एवढं मला हवंय. झिरकोनियम-स्पॅड्न्स हा रंगीत अभिकर्मक (तपासणीचं रसायन) वापरतेय. त्याचा लाल रंग फ्लोराइडमुळे फिका पडतो. पण त्यासाठी पाणी आणि अभिकर्मक आधी मिसळले तर पाहिजेत!

चिप पीडीएमएसची (पारदर्शक सिलिकॉन रबर), काचपट्टीवर प्लाझ्माने चिकटवलेली. दोन तोंडं एकत्र येऊन पुढे एकच सरळ चॅनेल : २०० मायक्रॉन रुंद, १०० मायक्रॉन खोल, २ सेंमी लांब. सिरिंज पंपाने दोन्ही मिळून मिनिटाला १० मायक्रोलिटर सोडते.

चाचणीसाठी खाण्याचे रंग घेतले, निळा आणि पिवळा. जोडापाशीच हिरवं होईल अशी खात्री होती. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर निळा एका काठाने, पिवळा दुसऱ्या काठाने, आणि मधे ब्लेडने मारल्यासारखी रेघ. शेवटी शेवटी त्या रेघेचा हिरवट पट्टा झाला, तोही निम्म्या रुंदीपेक्षा कमी. जोरात सोडलं तर घुसळेल म्हणून वेग पाचपट केला, तर रेघ आणखीच ठळक! नागमोडी वळणांचा साचाही करून पाहिला. तेवढ्याच लांबीत रेघ प्रत्येक वळणावर निमूट वळली आणि पुढे गेली.

मग हिशेब मांडला. वेग सेकंदाला साधारण ८ मिमी, रेनॉल्ड्स संख्या (द्रवाचा जोर त्याच्या चिकटपणाच्या किती पट, ते सांगणारी) जेमतेम १. नळीत संक्षुब्ध, म्हणजे घुसळणारा, प्रवाह सुरू व्हायला ती २००० च्या आसपास लागते. म्हणजे एवढ्या चिंचोळ्या जागेत पाणी काकवीसारखं वागतं, भोवरे उठतच नाहीत. उरतं फक्त विसरण, म्हणजे रेणूंचं आपोआप हळूहळू पसरणं. रंगाचा विसरण गुणांक सेकंदाला ४०० वर्ग मायक्रॉन धरला तर अर्धी रुंदी, म्हणजे १०० मायक्रॉन, ओलांडायला १२ सेकंद लागतात. आमचा द्रव अडीच सेकंदांत बाहेर पडतो. वेग वाढवला तेव्हा रेघ ठळक का झाली, तेही कळलं : अर्ध्या सेकंदात रंग जाणार तरी किती लांब?

आता पुढे काय करू? वेग मिनिटाला २ मायक्रोलिटरवर आणला तर पंपाची मोटर हबके देते, आणि रंगाचे पट्टे श्वास घेतल्यासारखे रुंद-अरुंद होतात. चॅनेल १० सेंमी करावं, तर दाब वाढून तोंडाशी गळती होईल का? हार्वर्डच्या स्ट्रूक, व्हाइटसाइड्स वगैरेंचा २००२ चा पेपर वाचला. तळाला माशाच्या काट्यांसारख्या तिरक्या खाचा पाडून ते द्रवाला घड्यांवर घड्या घालतात. कल्पना फार देखणी आहे, पण त्याला दोन थरांचा साचा लागतो आणि आम्हाला एका थराचाच जेमतेम परवडतो. कोणी हे प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, हिशेब बरोबर आहे, पण तो रंगाचा आहे. फ्लोराइड आयन लहान, त्याचा गुणांक १५०० च्या जवळ. तेच १०० मायक्रॉन तो साडेतीन सेकंदांत कापतो. म्हणून रंगाच्या चाचणीवरून निराश होऊ नका.

१० सेंमी बिनधास्त करा. तुमच्या मापांना दाब दीड किलोपास्कलच्या आसपास येतो, म्हणजे १५ सेंमी पाण्याच्या स्तंभाएवढा. तेवढ्याने गळत असेल तर जोडणीच सैल आहे. पंपाला १० मिलीची सिरिंज असेल तर १ मिलीची लावा. दट्ट्या जास्त सरकतो, हबके कमी होतात.

नवा साचा करणारच आहात तर तीन तोंडं घ्या : मधून अभिकर्मक, दोन्ही बाजूंनी पाणी. स्पॅड्न्सला पाच भाग पाण्याला एक भाग अभिकर्मक लागतो, म्हणजे मधला पट्टा ३० मायक्रॉनच्या आसपास राहील. इतक्या पातळ पट्ट्यात फ्लोराइड लगेच शिरतं. आणि रंग वरून पाहू नका. १०० मायक्रॉन खोलीत तो १ सेंमीच्या क्युवेटच्या (रंग मोजायच्या काचेच्या चौकोनी नळीच्या) शंभरावा हिस्सा दिसेल. शेवटी सरळ भाग ठेवून प्रकाश लांबीच्या दिशेने सोडा.

धागाकर्ती

मनापासून आभार! फ्लोराइड वेगळ्या वेगाने पसरेल हे डोक्यातच आलं नव्हतं. १५ सेंमीचा स्तंभ वाचून एक सुचलं : गावात पंप कशाला, सलाईनसारखी बाटली टांगली तरी भागेल, आणि हबक्यांचा प्रश्नच मिटेल. फक्त ५:१ प्रमाण कसं सांभाळू? बाटल्यांची उंची वेगळी ठेवून, की अभिकर्मकाचं प्रवेश-चॅनेल लांब आणि अरुंद करून? साचा शनिवारी करायला सांगायचा आहे, त्याआधी कोणी सांगितलं तर फार बरं होईल.