मदत हवी आहे: वहिनींचा नागरिकत्वाचा अर्ज, वास्तव्य आधी शिनोळी, मग बेळगाव. पुरावे कसे लावायचे?

शिनोळी_नाका

नमस्कार मंडळी. वहिनींकडे फिलिपाईन्सचा पासपोर्ट आहे. दादाशी लग्न २०१५ चं, रजिस्टर झालेलं. १२ जून २०१६ ला एंट्री व्हिसावर आल्या. मे २०१९ पर्यंत शिनोळीत (ता. चंदगड) भाड्याच्या घरात, त्यानंतर आजपर्यंत टिळकवाडीत, दादाच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये.

मधे तीन वेळा माहेरी गेल्या: २०१८ च्या शेवटी ४० दिवस, १० मार्च २०२० ते ६ फेब्रुवारी २०२१ (कोविडमुळे अडकल्या), आणि ४ ते २२ ऑगस्ट २०२५.

नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(सी) खाली (भारतीयाशी लग्न झालेल्यांसाठीचं) फेब्रुवारी २०२६ मध्ये अर्ज करायचा विचार आहे. अडचणी अशा:

शिनोळीच्या घराचा ११ महिन्यांचा करार फक्त नोटरी केलेला आहे, तोही दादाच्या नावाने. लाईट बिल घरमालकाच्या नावाने. टिळकवाडीतलं हेस्कॉमचं (इकडची वीज कंपनी) बिल आणि घरपट्टी दादाच्या नावाने. परदेशी नागरिक म्हणून पहिलं रजिस्ट्रेशन कोल्हापूरला झालं होतं, पत्ताबदल मागाहून बेळगावला कळवला. वहिनींच्या स्वतःच्या नावाने आधार आणि बँक पासबुक एवढंच. एका ओळखीच्या माणसाने ‘मतदार यादीत नाव घाला, तो सगळ्यात पक्का पुरावा’ असं सांगितलं. खरं का? आणि तीन वर्षं महाराष्ट्रात काढली ती बेळगावच्या अर्जात धरतात का?

कॅम्प_कागदपत्र

शेवटच्या दोन प्रश्नांपासून सुरुवात करतो. मतदार यादीत नाव अजिबात घालू नका. नागरिक नसलेल्या माणसाने खोटं निवेदन देऊन नाव नोंदवणं हा १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. नागरिकत्वाच्या फाईलमध्ये ते कार्ड लावणं म्हणजे आपणच आपला अर्ज बुडवणं.

शिनोळीची वर्षं नक्की धरतात. कायद्यात ‘भारतात राहिले’ असं आहे, राज्याचं नाव नाही. अर्ज सध्या जिथे राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला. मात्र पोलीस चौकशी दोन्हीकडे होऊ शकते, म्हणून शिनोळीचा पत्ता गल्ली आणि घरमालकाच्या नावासकट नीट लिहा.

आता मुख्य अडचण, जिच्याकडे तुमचं लक्ष गेलेलं दिसत नाही. पुरावे कमी असण्यापेक्षा तुमची तारीख चुकते आहे. अर्जाच्या लगेच आधीचे पूर्ण १२ महिने भारतात सलग राहिलेलं असावं लागतं, आणि त्याच्या आधीच्या ८ वर्षांत मिळून किमान ६ वर्षं. फेब्रुवारी २०२६ मध्ये अर्ज केला तर ऑगस्टमधले १८ दिवस त्या सलग वर्षातच मोडतात. कलम ५(१ए) खाली ३० दिवसांपर्यंत सूट आहे, पण ती केंद्र सरकारने खास कारण लेखी नोंदवून द्यायची असते, हक्काने मिळत नाही.

माझं स्पष्ट मत: थांबा. वहिनी २२ ऑगस्ट २०२५ ला परत आल्या, म्हणजे २३ ऑगस्ट २०२६ नंतर अर्ज केला की सूट मागायचा प्रश्नच उरत नाही. तोवर परदेशी जाणं नाही. मागची आठ वर्षं मग २३ ऑगस्ट २०१७ पासून सुरू होतील. त्यात गैरहजेरी ४० + ३३३ + १८ = ३९१ दिवस. आठ वर्षांतली सहा राहिली पाहिजेत, म्हणजे साधारण ७३० दिवस बाहेर चालतात. भरपूर मोकळीक आहे.

वडगाव_वकिली

वरच्यांशी सहमत. कागदांबद्दल थोडं सविस्तर.

पाठीचा कणा म्हणजे पासपोर्ट आणि रेसिडेन्शियल परमिट (परदेशी माणसाला इथे राहायची लेखी परवानगी). बाकी सगळे कागद त्यांना आधार म्हणून. सगळी परमिटं टेबलावर तारखेच्या क्रमाने मांडा. एकाची शेवटची तारीख आणि पुढच्याची पहिली तारीख जुळते का, ते बोट ठेवून बघा. ई-एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणीची ऑनलाईन सोय) २०१८ मध्ये सुरू झालं, त्याआधीचं परमिट कोल्हापूरच्या पोलीस कार्यालयाच्या शिक्क्याचं कागदी असेल. त्याची मूळ प्रत सांभाळा. पत्ताबदलाची पोचही लावा, नाहीतर परमिटवर शिनोळी आणि आधारवर टिळकवाडी बघून टेबलावरचा माणूस तिथेच अडवतो.

जुना पासपोर्ट, भोक पाडून रद्द केलेला असला तरी, मूळ हवाच. २०१८ आणि २०२० चे शिक्के त्यातच आहेत. एखादा शिक्का पुसट असेल किंवा नेमका भोकात गेला असेल, तर त्याच प्रवासाचा फिलिपाईन्सच्या बाजूचा शिक्का आणि विमानाचं तिकीट जोडा. मग एका साध्या कागदावर तक्ता करा: गेल्याची तारीख, आल्याची तारीख, विमानतळ, पासपोर्टचं पान, दिवस. बेळगावहून कोणी गोव्यातून जातं, कोणी मुंबई-बेंगळूरहून, म्हणून विमानतळाचा रकाना सोडू नका.

घराच्या कागदांत सीमाभागाची एक खास गुंतागुंत आहे. कर्नाटकात ११ महिन्यांचा करार रजिस्टर करावा लागत नाही. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार रजिस्टर व्हायला हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. तुमचा शिनोळीचा करार त्यामुळे कच्चा आहे. फेकू नका, पण एकटा लावू नका. सोबत महावितरणची बिलं आणि घरमालकाचं प्रतिज्ञापत्र, ज्यात बिलावरचा ग्राहक क्रमांक लिहिलेला असेल. म्हणजे बिल दुसऱ्याच्या नावाचं असलं तरी घर तेच हे सिद्ध होतं. टिळकवाडीला हेच काम हेस्कॉमच्या बिलावरचा आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) करतो.

आता मागच्या तारखेचा नवा करार मात्र करू नका. स्टॅम्प पेपरवर विक्रीची तारीख असते, पकडलं जातंच, आणि मग खरे कागदही संशयात येतात.

शिनोळी_नाका

खूप आभार. ऑगस्टपर्यंत थांबतो. अजून एक: आधारवर वहिनींचं नाव आपल्या पद्धतीने आहे, मधे दादाचं नाव. पासपोर्टवर मधलं नाव त्यांच्या माहेरचं आडनाव आहे. आणि जुन्या कागदांवर बेळगाम, नव्यांवर बेळगावी.

वडगाव_वकिली

गावाच्या नावाचं काळजीचं कारण नाही, १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत इंग्रजी नाव बदललं आहे. वहिनींच्या नावाचा फरक मात्र मिटवावाच लागेल. फिलिपाईन्समध्ये लग्नानंतर माहेरचं आडनाव मधे येतं, आपल्याकडे नवऱ्याचं नाव. अर्ज पासपोर्टप्रमाणे अक्षरन्‌अक्षर भरा, आधार आत्ताच पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्या, आणि बँकेसाठी ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करा. दुरुस्तीआधी आधारच्या साईटवरून अपडेट हिस्टरी उतरवून ठेवा. त्यात पत्ता केव्हा बदलला ते तारखेसकट दिसतं.

बँकेतून नुसतं पासबुक नको. सुरुवातीपासूनचं स्टेटमेंट शिक्क्यासह मागा. टिळकवाडीच्या एटीएममधून दर आठवड्याला काढलेले पाचशे-हजार रुपये माणूस इथेच राहत होता हे कुठल्याही दाखल्यापेक्षा चांगलं सांगतात. नाडकचेरीतला (कर्नाटकातलं स्थानिक महसूल कार्यालय) वास्तव्याचा दाखला मिळाला तर लावा, पण तो आजचा पत्ता सांगतो, मागची वर्षं नाही.

कॅम्प_कागदपत्र

वहिनींकडे ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) आहे का? असेल आणि पाच वर्षं झाली असतील तर ५(१)(जी) चा रस्ता आहे, त्यात वास्तव्य १२ महिन्यांचंच बघतात. पण ओसीआय असलेल्यांना रजिस्ट्रेशन लागत नाही, म्हणून परमिटची साखळीही नसते आणि सगळा भार घराच्या कागदांवर पडतो.

आणि फिलिपाईन्सचं नागरिकत्व आत्ताच सोडू नका. इकडून अर्ज मंजूर झाल्याचं पत्र आल्यावर ते करायचं असतं. आधी सोडलं तर मधल्या काळात त्या कुठल्याच देशाच्या राहणार नाहीत, आणि पासपोर्ट नसेल तर परमिटही वाढवून मिळणार नाही.

शिनोळी_नाका

ओसीआय नाही. परमिटं काल रात्री मांडून बघितली. २०१९ च्या दोन परमिटांत ११ दिवसांची फट दिसते. मुदतवाढीचा अर्ज वेळेत केल्याची ईमेल पोच आहे.

वडगाव_वकिली

मग ती पोच छापा आणि त्या दोन परमिटांच्या मधेच लावा, फाईलच्या शेवटी नको. अर्ज केल्याची तारीख हायलाईट करा.