मदत हवी आहे: कुत्रा स्प्रिंगर घ्यावा की कॉकर?

मंडळी, आम्ही ग्वाल्हेरचे. जवळच्या डबरा शहराच्या बाजूला मामांची शेती आहे, तिथे कामाचा स्पॅनियल (झुडपातली शिकार हुडकणाऱ्या जातीचा कुत्रा) ठेवायचा विचार आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद, तेव्हा बंदुकीचा प्रश्नच नाही. झुडपात लपवलेली कापडी डमी वासावर हुडकायची आणि न चावता हातात आणून द्यायची, एवढंच शिकवायचंय.

इंग्लिश स्प्रिंगर साधारण २० इंच उंच, दमदार, पाण्याची आवड. कॉकर १५-१६ इंच, दाट झाडीत घुसायला बरा. क्लंबर स्पॅनियल मात्र नकोच; तीस किलोंचं ते धूड इथल्या ४५ अंशांत काय धावणार!

खरी अडचण वेगळीच आहे. इकडे दाखवतात ती बहुतेक शो लाईनची (प्रदर्शनासाठी पैदास केलेली) पिल्लं, लांब कान नि भरगच्च केस. शेतातली कुसळं कानात, पंजात शिरणार, पावसाळ्यात गोचीड आणि कानाचं दुखणं. आई म्हणते, गावठीच पाळ. (तिचंही चुकीचं नाही म्हणा.)

वर्किंग लाईनचा (कामासाठी पैदास केलेला) स्प्रिंगर किंवा कॉकर कुणी पाळलाय का? उन्हाळ्यात सराव कधी घेता? पिल्लाच्या आईबापांत नेमकं काय पाहायचं? टेकनपूरच्या बीएसएफ श्वान प्रशिक्षण केंद्रातून निवृत्त झालेले कुणी ओळखीचे असतील तर जरूर कळवा.