मदत हवी आहे: विमानाचे आधीचे मालक आणि मूळ रंग शोधायचाय

उघडा_पाना: तीन आठवडे डोकं पिकलंय. विमान घेतलं, लॉगबुकं अर्धीच मिळाली. सांगाड्यावर नवं कापड चढवायचंय, त्याआधी मूळ रंग आणि आधी कोणाकोणाकडे होतं ते कळायला हवं. रजिस्ट्रेशन नंबर टाकला की भलतंच विमान येतं. लवकर सांगा, कापडवाला खोळंबलाय.

तेलकट: कोणतं विमान? रजिस्ट्रेशन कुठल्या देशाचं?

उघडा_पाना: पायपर.

तेलकट: अहो, पायपरची मॉडेलं मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल.

उघडा_पाना: जे-३ कब. नंबर अमेरिकन, 'एन'वाला.

पिवळा_पक्षी: मग शोधायचं काय त्यात? कब म्हणजे पिवळी, बाजूला काळी वीज. डोळे मिटून मारा.

तेलकट: डोळे मिटून काही मारू नका. एका विमानावरून सुटलेला नंबर पुढे दुसऱ्याला मिळू शकतो, म्हणून भलतं विमान येतंय. कारखान्याचा सिरियल नंबर धरा आणि ओक्लाहोमा सिटीतल्या एफएए (अमेरिकेची विमान नियामक संस्था) रजिस्ट्रीकडून त्या विमानाची फाइल मागवा. नोंदणीच्या भागात विक्रीखतं ओळीने लागलेली असतात. दुसऱ्या भागात फॉर्म ३३७, म्हणजे मोठ्या दुरुस्त्या. कापड कधी बदललं ते तिथे सापडू शकतं. रंगाची छटा लिहायचे कष्ट मात्र सहसा कोणी घेत नाही.

उघडा_पाना: सिरियल सांगाड्यावर आहे. १२ हजारांच्या घरातला.

जुनं_ते_सोनं: सांगाड्यावरचा तो फ्रेम नंबर असणार! दुसऱ्या महायुद्धातल्या कबचा फ्रेम नंबर वेगळा, सिरियल वेगळा. कित्येकांनी फ्रेमचाच नंबर नोंदणीत चढवून घोळ घातलाय. डेटा प्लेट, म्हणजे कारखान्याने सिरियल कोरून लावलेली पट्टी, ती बघा. तीही १२ हजारांत असेल तर लष्कराची एल-४, म्हणजे याच कबची फौजी आवृत्ती, ऑलिव्ह हिरवी.

उघडा_पाना: सीटखालच्या नळीवर हिरवा आहे खरा! शिवाय जुन्या फोटोत विमान काळपट दिसतं.

तेलकट: दोन्ही पुरावे कच्चे. झिंक क्रोमेट प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा खालचा थर, तोही हिरवट असतो. आणि जुन्या कृष्णधवल ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर पिवळासुद्धा काळपट येतो.

नवखा_वैमानिक: लायसन्ससाठी किती तास लागतात?

पिवळा_पक्षी: डेटा प्लेट उचकटा, खाली मूळ रंग मिळेल.

तेलकट: नको! देखभालीच्या कामात गरज पडली तर गोष्ट वेगळी, एरवी परवानगीशिवाय प्लेट काढायला मनाई आहे. कापडावरचा रंग कापडाबरोबर गेला, पत्र्यावरचा राहतो. पंखाच्या मुळाशी झाकणपट्टी असते ती काढा, काउलिंगच्या (इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या) बिजागरीमागेही बघा. बारीक वॉटर पेपर ओला करून नखाएवढी जागा गोल घासा, कडेने एकेक थर उघडा पडतो.

जुनं_ते_सोनं: मी स्कूटर अशीच घासली होती. सात रंग निघाले.

उघडा_पाना: घासलं. वरून निळा, पांढरा, पिवळा, मग मळकट हिरवा, मग पत्रा. प्लेटवरचा आकडाही १२ हजारांतलाच, पण फ्रेमपेक्षा वेगळा.

जुनं_ते_सोनं: म्हटलं नव्हतं? एल-४!

पिवळा_पक्षी: पिवळा निघालाच ना पण!

तेलकट: युद्धानंतर नागरी झाली तेव्हाचा असेल. फाइल आली की विक्रीखतांच्या तारखा ३३७ शेजारी ठेवून बघा, कोणता थर कोणाच्या काळातला ते जुळवता येईल. इंजिनाच्या लॉगबुकातही तारखा असतात. मूळचं ६५ हॉर्सपॉवरचं कॉन्टिनेंटलच आहे ना?

उघडा_पाना: इंजिन नाहीये. सांगायचं राहिलं.