कोडिंगच्या ऑनलाइन कोर्सचं सर्टिफिकेट रेझ्युमेत लावावं का?

हिंजवडीकर
बरीच वर्षं फ्रेशर्सच्या मुलाखती घेतोय, म्हणून स्पष्टच लिहितो. कोर्स 'पूर्ण केला' एवढंच सांगणारी सर्टिफिकेटं रेझ्युमेत लावू नका. त्यांनी मुलांची फसवणूक होतेय.

मागच्या कॅम्पस ड्राइव्हला एका मुलाच्या रेझ्युमेचं अख्खं दुसरं पान सर्टिफिकेटांनी भरलेलं होतं. पायथॉन, डेटा सायन्स, फुल स्टॅक, क्लाउड, सगळं. मी विचारलं, एका परिच्छेदात कुठला शब्द किती वेळा आलाय ते मोजून दाखव. पायथॉनमधली डिक्शनरी (प्रत्येक शब्दाला त्याची संख्या जोडून ठेवता येते अशी यादी) म्हणजे काय ते त्याने घडाघडा सांगितलं. पण रिकामी फाइल समोर आल्यावर हात चालेना. कसाबसा लूप लिहिला आणि पहिल्याच शब्दाला की-एरर आली, कारण डिक्शनरीत नसलेल्या शब्दाची संख्या तो थेट एकने वाढवत होता. एररची शेवटची ओळ वाचली असती तरी सुटला असता. त्याने सगळं पुसलं आणि पुन्हा तेच लिहिलं. मुलगा हुशार होता हो, म्हणून जास्त वाईट वाटलं. व्हिडिओतले सर टाइप करतील तसं टाइप करत तो इथवर आला होता, आणि व्हिडिओत सरांच्या चुका कापून टाकलेल्या असतात.

युडेमी या कोर्सच्या साइटवर तर व्हिडिओ न बघताही त्याच्यापुढच्या चौकोनात हाताने टिक करता येते. त्या कागदावरून मी काय समजायचं?

लातूरची_मास्तरीण
सर, मुलाखतीच्या खुर्चीतून तुम्हाला जे दिसतं ते बरोबर आहे. पण तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत त्या मुलींचं काय? आमच्या कॉलेजात वेब डेव्हलपमेंट शिकवायला कायम माणूस नाही. मुली मोबाइलवर व्हिडिओ बघतात आणि लॅब मिळाली की करून पाहतात. घरी विचारतात, 'दिवसभर फोनवर काय असतं तुझं?' तेव्हा नाव छापलेला एक कागद दाखवता आला की पुढच्या कोर्सला परवानगी मिळते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी तो कागद बघून जुना लॅपटॉप घेऊन दिला. हे मूल्य तुमच्या मोजमापात बसत नाही, पण माझ्या वर्गात रोज दिसतं.

हिंजवडीकर
ताई, घरी जरूर दाखवावा. माझा आक्षेप रेझ्युमेपुरता आहे.

सेमीकोलन
सगळ्या सर्टिफिकेटांना एकाच पारड्यात का टाकताय? एनपीटेल हा सरकारी मदतीचा ऑनलाइन कोर्सचा उपक्रम बघा. आयआयटी आणि आयआयएस्सीचे प्राध्यापक शिकवतात, कोर्स फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तर फी भरून ठरलेल्या केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. बहुतेक कोर्सना असाइनमेंटचे 25 आणि परीक्षेचे 75 गुण असतात, दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागतं. 90 किंवा जास्त मिळाले तर सर्टिफिकेटवर 'एलीट + गोल्ड' अशी श्रेणी. यूजीसीच्या 2021 च्या नियमांनी तर एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून, म्हणजे एनपीटेलचे कोर्स जिथे असतात त्या सरकारी पोर्टलवरून, घ्यायची मुभा दिली. कुणीतरी समोर बसवून तपासलंय, हा फरक मोठा आहे.

रात्रपाळी
परीक्षा बहुतेक वेळा पर्यायांचीच असते. चारातला एक निवडणं म्हणजे कोड लिहिणं नव्हे. आणि दर आठवड्याच्या असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवर फिरत असतात, हे कॉलेजातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

सेमीकोलन
असाइनमेंटचं मान्य. 75 गुणांच्या परीक्षेचं काय? तिथे टेलिग्राम नसतं. आणि कोडच तपासायचा असेल तर फ्री कोड कॅम्प ही फुकट कोडिंग शिकवणारी साइट आहे की. त्यांच्या वेब डिझाइनच्या सर्टिफिकेटला कित्येक वर्षं पाच प्रोजेक्ट करून द्यावे लागायचे, आणि सर्टिफिकेटच्या पानावरच प्रोजेक्ट उघडून बघता येतात. हार्वर्डच्या सीएस50 या संगणकशास्त्राच्या प्राथमिक कोर्समध्येही शेवटी स्वतःचा प्रोजेक्ट करून त्याचा छोटा व्हिडिओ द्यावा लागतो. असा कागद रेझ्युमेत नको म्हणणं अन्याय आहे.

हिंजवडीकर
मग कागद कशाला, प्रोजेक्टच दाखवा ना. मुलाने तालमीच्या हजेरीचं ॲप केलेलं असेल तर मी त्यावर अर्धा तास बोलेन. फॉर्ममध्ये तारीख उलटी टाकली तर काय होतं, एकाच नावाचे दोघे आले तर काय, असं विचारेन. ज्याने स्वतः केलंय तो हे सांगताना खुलतो.

एमएससीआयटी_बॅच
कागदाची किंमत शेवटी मागणारा ठरवतो, हे महाराष्ट्राला नवीन नाही. एमकेसीएलने 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू केलं. सरकारी नोकरीला संगणक ज्ञानाचा पुरावा लागतो म्हणून तालुक्याच्या गावांत संगणक केंद्रं भरून वाहिली. आमच्या बॅचमधले अर्धे केवळ कागदासाठी आले होते. पण त्या निमित्ताने माउस हातात घेतला, मेल लिहायला शिकले, आणि काहींनी पुढे तेच क्षेत्र धरलं. निमित्तालाही किंमत असते.

लातूरची_मास्तरीण
हेच म्हणायचं होतं. आठ आठवडे दर आठवड्याला काहीतरी जमा करायची सवय शेवटच्या कागदामुळे टिकते. तो नसेल तर तिसऱ्या आठवड्यात वर्ग रिकामा, दरवर्षी बघते.

आणि हिंजवडीकर सर, एक विचारते. मुलींचे अर्ज भरताना मी शेजारी बसलेली असते. कंपन्यांच्या पोर्टलवर 'सर्टिफिकेशन्स' असा रकाना असतो, कितीतरी ठिकाणी प्रोजेक्टच्या लिंकला रकानाच नसतो. तुमच्याकडे आहे का? नसेल तर मुलींनी तुमचं ऐकून तो रकाना कोरा सोडायचा का?

हिंजवडीकर
बघितलं आत्ता. आमच्याही पोर्टलवर प्रोजेक्टला वेगळा रकाना नाही. एचआरकडे लेखी मागणी करतो. तोवर कोरा सोडू नका. ज्यात परीक्षा किंवा प्रोजेक्ट तपासला गेलाय असं एकच सर्टिफिकेट लिहा आणि त्याच रकान्यात प्रोजेक्टची लिंक टाका, तिथे साधा मजकूर चालतो. पानभर यादी मात्र नकोच, त्या मतावर मी ठाम आहे.

रात्रपाळी
पहिली चाळणी आम्ही करतो, रिक्रूटमेंटवाले. दिवसाला शेकड्यांनी अर्ज येतात, त्यातली एकही लिंक उघडून बघायला वेळ नसतो. ती उघडायचं काम तुमच्या टीममधलं कोणी घेणार असेल तर बोला.