वॉशपंप बदलण्यापूर्वी
डिशवॉशरमध्ये भांड्यांवर पाणी फवारणारा वॉशपंप नुसता गुणगुणतो आणि फवारे उडत नाहीत, म्हणून तो लगेच बदलावा, हा सल्ला मला घाईचा वाटतो. प्लग काढून, नळ बंद करून आणि तळाचे पाणी उपसून आधी पंपाचा पंखा मोकळा फिरतो का ते पाहावे. आपल्या गोव्यातल्या घरांत तिथे बांगड्याचा काटा अडकलेला सापडला, तर नवल नाही. पंखा मोकळा असल्यास कपॅसिटर, म्हणजे मोटर सुरू व्हायला मदत करणारा वीज साठवणारा भाग, तपासावा, मात्र प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार शिल्लक राहू शकतो, म्हणून सवय नसलेल्याने त्याला हात लावू नये. पंप बदलायचाच ठरला, तर दाराच्या कडेच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक पूर्ण उतरवूनच मागवावा, कारण अनेक नव्या यंत्रांत हीटर पंपातच बसवलेला असतो आणि केवळ दिसायला सारखा पंप तिथे चालत नाही.