पोस्टग्रेस रिस्टोर: फंक्शन आहे तरी म्हणतंय फंक्शन नाही

कॅटलॉगवाला: मंडळी, दोन दिवस अडकलोय. पोस्टग्रेस डेटाबेस १३ वरनं १६ वर नेतोय, म्हणजे जुन्याचा डम्प (बॅकअप) पीजी-रिस्टोरने नव्यात भरतोय. ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये रोमन लिपीतली शीर्षकं आहेत, अक्षरांवर रेघा-टिंबं असलेली, ती चिन्हं न टाकता शोधता यावं म्हणून अनअ‍ॅक्सेंटवर (चिन्हं काढून टाकणारं फंक्शन) एक छोटं एसक्यूएल फंक्शन लिहून, इम्युटेबल (त्याच इनपुटला कायम तेच उत्तर) करून त्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) टाकला होता. आता पीजी-रिस्टोर तिथेच एरर देतं, अनअ‍ॅक्सेंट नावाचं फंक्शनच नाही म्हणे! ते ज्यात येतं ते एक्स्टेंशन (जोड-पॅकेज) आहे, हाताने सिलेक्ट मारलं की नीट चालतं. डेटा गेला का माझा?

जुना डीबीए: डेटा कुठे जात नाही, घाबरू नका. इंडेक्स सगळ्यात शेवटी, पोस्ट-डेटामध्ये (डेटा भरल्यानंतरच्या टप्प्यात) बनतात, म्हणजे टेबलं भरून झालीयत, रो मोजून बघा. भानगड सर्च पाथची आहे, म्हणजे नुसतं नाव दिलं की ते कुठल्या स्कीमांमध्ये (डेटाबेसमधल्या कप्प्यांमध्ये) शोधायचं त्या यादीची. २०१८ मधल्या सिक्युरिटी फिक्सपासून डम्प सुरुवातीलाच सर्च पाथ रिकामा करतो, त्यामुळे तुमच्या फंक्शनच्या आत नुसतं अनअ‍ॅक्सेंट लिहिलंय ते त्याला सापडत नाही, आणि तुमच्या सेशनला पब्लिक स्कीमा पाथमध्ये असतो म्हणून हाताने चालतं. फंक्शन बनताना तक्रार येत नाही कारण डम्प बॉडी तपासणं बंद ठेवतो, रडगाणं सुरू होतं ते थेट इंडेक्सला. क्रिएट ऑर रिप्लेस करून आत पब्लिक डॉट अनअ‍ॅक्सेंट लिहा, डिक्शनरीचं (कुठलं अक्षर कशात बदलायचं त्या नियमांचं) नाव देत असाल तर त्यालाही पब्लिक लावा, मग तेवढा इंडेक्स हाताने बनवा.

रातपाळी: ऑल्टर फंक्शन करून सर्च पाथ सेट केला तरी चालतं की, एका ओळीचं काम.

जुना डीबीए: चालतं, पण मग प्रत्येक कॉलला सर्च पाथ बदलून परत पूर्ववत करावा लागतो, मोठ्या टेबलावर ते जाणवतं. मी तरी स्कीमाच लिहीन.

कॅटलॉगवाला: झालं!! पब्लिक लावलं, इंडेक्स बनला, रो पण जुळल्या. खूप खूप आभार दादा.

रातपाळी: जुन्या सर्व्हरवरही आत्ताच बदला हो, नाहीतर रोजचा डम्प तसाच मोडका निघत राहील. आणि असलं फंक्शन जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमांवरनं आपोआप काढलेला) किंवा चेक कन्स्ट्रेंटमध्ये (रो भरताना तपासली जाणारी अट) कुठे वापरलंय का तेही बघा, तिथे इंडेक्सवर निभावत नाही, डेटा भरतानाच कॉपी (टेबलात रो भरणारी कमांड) फेल होते आणि आख्खं टेबल रिकामं राहतं, आमच्याकडे झालंय.